पाण्याची तारीख ठरलेली होती

आजीला एक आकडा पाठ आहे : २४५.५०. ती शाळेत गेलेली नाही. मोबाइलवर नावं वाचता येत नाहीत म्हणून आम्ही प्रत्येक नंबरला फोटो लावून दिलाय. पण हा आकडा ती पॉइंटसकट सांगते. गोसीखुर्द धरणाची ही पूर्ण संचय पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. कुही तालुक्यातलं तिचं गाव या रेषेच्या खाली येत होतं. मोजणीवाले आले, खुणेचे दगड रोवून गेले, आणि गावात माणसांचे दोन गट झाले. लेवलच्या वरचे आणि लेवलच्या खालचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी जायचो तेव्हा असल्या एका दगडावर आमच्या क्रिकेटचा अंपायर उभा राहायचा.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे एक कादंबरी आणि एक ड्रॉपडाऊन.

आधी ड्रॉपडाऊन. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर आदिवासींची वाडी. पायी चढून जाण्याशिवाय वाट नाही, त्यामुळे मशीन वर नेता येईना. २७ मृतदेह सापडले. शोध थांबवल्यावर ५७ बेपत्ता माणसं मृत धरली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या ऑफिसात दोन दिवसांची हॅकेथॉन होती. आम्ही चौघांनी दरडीचा डॅशबोर्ड केला. पावसाचा डेटा, उताराचा डेटा, नकाशावर वस्त्यांचे ठिपके. धोका वाढला की ठिपका हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. लाल ठिपक्यावर टॅप केलं की 'सुचवलेली कृती' असा ड्रॉपडाऊन उघडायचा. त्यातले तीन पर्याय मी टाइप केले. लक्ष ठेवा. तात्पुरतं हलवा. कायमचं स्थलांतर. तिसऱ्या पर्यायाला मला फार तर दोन सेकंद लागली असतील. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं.

त्या रात्री जेवताना मी आईला कौतुकानं स्क्रीनशॉट दाखवला. तिनं वाचलं आणि विचारलं, "कायमचं म्हणजे कुठं?"

तिसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या फूटपाथवरून मी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणली. वर्षानुवर्षं नाव ऐकून होतो. धरणग्रस्तांवरची मोठी कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, एवढी माहिती कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळते. वाचली मात्र नव्हती. बेसाच्या फ्लॅटमध्ये, खिडकीबाहेर नवीन टॉवरचं स्लॅबकाम चालू असताना, मी ती नऊ दिवसांत वाचली. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. ही कादंबरी जुनी झाली असं मला अजिबात वाटलं नाही. उलट ती आज ज्या प्रश्नासाठी वाचायला हवी त्यासाठी तिला कोणी वाचत नाही, असं वाटलं.

तो प्रश्न असा. पाऊस बदलला आहे, डोंगर सुटत आहेत, नद्या दिशाहीन फुगत आहेत. यापुढे काही गावं आहेत तिथून हलवावी लागतील. तर मग ती अपघाताच्या आधी, शांतपणे, ठरवून का हलवत नाही आपण? प्रत्येक दरडीनंतर हे वाक्य ऐकू येतं : आधी कळलं असतं तर. आमचा डॅशबोर्ड हा त्याच वाक्याचा कोड होता.

पण महाराष्ट्रात 'आधी कळलेलं' स्थलांतर झालेलंच आहे. एकदा नाही, शंभर वर्षं होत आलंय. धरण हीच ती आपत्ती, जिची तारीख, उंची, यादी, नकाशा सगळं आधीच ठरलेलं असतं. पाणी कुठवर येणार हे सेंटिमीटरमध्ये माहीत असतं. कोणाचं घर जाणार हे नावानिशी माहीत असतं. तयारीला वर्षं मिळतात, कधीकधी दशकं. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आणि माझी आजी जुन्या गावातून निघाली तेव्हा मी मिसुरडं फुटलेला पोरगा होतो. इतका वेळ कुठल्या दरडीनं कोणाला दिलाय? म्हणजे आगाऊ सूचनेवर चालणारं स्थलांतर कसं असतं हे बघायचं तर फिजी किंवा पनामाला जायची गरज नाही. 'झाडाझडती' उघडायची.

कादंबरी १९९१ ची. लेखक तेव्हा सरकारी सेवेत, महसुलाच्या कामातला माणूस. ते पानोपानी जाणवतं आणि तेच तिचं सगळ्यात मोठं बळ आहे. मराठीत दुःखाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत; फायलीबद्दल लिहिणारे फार थोडे. जांभळी हे गाव, खैरमोडे गुरुजी, त्यांच्याभोवतीची माणसं हे सगळं लक्षात राहतंच, पण मला जास्त भिडली ती कागदाची चाल. माणूस बोलतो एका भाषेत, कागद उत्तर देतो दुसऱ्या भाषेत, आणि मधे कोणीतरी दुभाषा लागतो. तो गुरुजी असतो, पुढारी असतो, नाहीतर दलाल. हे इतक्या बारकाईनं आतल्या माणसाशिवाय कोण लिहिणार? सॉफ्टवेअरवाल्याला हे ओळखीचं वाटतं. सिस्टीममध्ये तुमच्या गरजेसाठी रकाना नसेल तर ती गरज अस्तित्वातच नाही. आजीच्या गावात एक माणूस भावाच्या घरात राहायचा, चूल वेगळी होती, रेशनकार्ड एकच. कागदावर ते एक कुटुंब. एक प्लॉट. त्या दोन भावांचं बोलणं अजून बंद आहे.

आता तक्रार. 'झाडाझडती' रागावलेली कादंबरी आहे, आणि राग रास्त आहे. पण तिचा राग माणसांवर जास्त आहे, आराखड्यावर कमी. लबाड अधिकारी, मतलबी पुढारी, लाभक्षेत्रातले बडे शेतकरी जे पाणी घेतील पण पुनर्वसनाला जमीन देणार नाहीत. ही सगळी मंडळी खरी आहेत, कुठल्याही धरणाच्या गावात भेटतील. मात्र पुस्तक मिटताना मनात अशी एक समजूत उरते की ही माणसं चांगली असती तर गाव नीट वसलं असतं. संतापाची हीच अडचण असते. खलनायक सापडला की आपण नकाशा बघायचं सोडून देतो.

मी हे धाडसानं म्हणतोय, कारण आजीच्या बाबतीत खलनायक नव्हता. उशीर होता, चकरा होत्या, पण ज्या साहेबांनी शेवटी त्यांचं काम केलं ते भले होते. आजी अजून त्यांचं नाव घेते. नव्या गावठाणात रस्ते आले, वीज आली, शाळा आली, समाजमंदिर आलं, स्मशानभूमीचं शेड आलं. सरकारी भाषेत '१८ नागरी सुविधा'. बहुतेकांवर टिकमार्क करता येईल. आणि तरीही आजी दुपारी नव्या घरात झोपत नाही. ओसरीवर बसून राहते. विचारलं तर म्हणते, "घर चांगलं आहे ना बापा. पण अंगावर येते." असल्या वाक्यासाठी यादीत एकोणिसावी सुविधा नाही आणि 'झाडाझडती'तही जागा कमी आहे. कादंबरी अन्यायाच्या बाजूनं इतकी भरलेली आहे की न्याय मिळाल्यावरही काय हुकतं याकडे वळायला तिला उसंत नाही.

त्यासाठी दुसरी पुस्तकं वाचावी लागतात. ती पुस्तकं म्हणजे ले-आउट. मी गंमत करत नाहीये. वसवलेल्या गावाचा नकाशा हा मजकूरच असतो. त्याला लेखक असतो, त्याचा एक मनातला वाचक असतो, आणि काय लिहायचं राहिलं तेही त्यात दिसतं.

सगळ्यात मोठा असा मजकूर लातूर-धाराशिवमध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरचा किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो कार्यक्रम राबवला गेला त्यात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावं नव्यानं वसवण्याची उदाहरणं थोडीच. घरांचे आकार तीन : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला पहिलं, बऱ्यापैकी जमीन असणाऱ्याला मधलं, मोठ्या जमीनदाराला शेवटचं.

हे तीन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचतो. भूकंपानं सगळ्यांची घरं सारखी पाडली होती, त्यानंतर कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की सातबाऱ्यावरची उतरंड नव्या गावात चौरस फुटांमध्ये उतरवायची. जुनं आहे तसं जपायचं म्हणून हे केलं असेल, तर मग गल्ली का नाही जपली? जुन्या गावात वाडे होते, भावकी होती, आड होता, वाकड्या बोळी होत्या, आणि जातीच्या वेशीही होत्या. नव्या गावात सरळ रुंद रस्ते, काटकोनात चौक, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा. माणसाला चालायला दूर, पाण्याची पाइप लांब, दिव्याचे खांब जास्त. भूकंपाला हा नकाशा योग्यच होता, दोन घरांत मोकळी जागा हवीच. पण माझ्या वाचनात हा नकाशा जमिनीची विषमता जपतो आणि शेजार विसरतो. वेशी मोडल्या असत्या तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्या मोडल्या की नुसत्या नव्या रांगांमध्ये सरकल्या, हे प्रत्येक गावी जाऊनच बघावं लागेल.

मराठवाड्यातून आता सह्याद्रीत, कारण तिथे धरण आणि दरड एकाच पानावर भेटतात. पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचं कामकाज घोडेगावातून चालतं. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वळणावर त्याला गावच दिसलं नाही. एका तालुक्यात एक गाव वर्षानुवर्षं सांगून बुडालं आणि दुसरं काही मिनिटांत गेलं. बुडालेल्या गावाचा अनुभव गाडलेल्या गावाच्या कामी आला का? नवं माळीण आमडे इथे बांधलं. ६७ घरं, एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण, कार्यक्रमाचे फोटो सुंदर. त्याच पावसाळ्यात रस्ते खचल्याच्या, जमीन भेगाळल्याच्या बातम्या आल्या. भराव घालून सपाट केलेली जागा पहिल्या मोठ्या पावसात बसते, हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगाही सांगेल. डोंगर कोसळून मेलेल्यांच्या वारसांना पुन्हा रात्रभर पावसाचा आवाज ऐकत जागायला लावलं, ही चूक कुठल्या रकान्यात मोजायची?

महाड तालुक्यातल्या तळियेचं २२ जुलै २०२१ ला तसंच झालं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. घरं म्हाडा बांधणार असं ठरलं आणि मधली वर्षं लोकांनी कंटेनरच्या खोल्यांमध्ये काढली. इर्शाळवाडीचे वाचलेलेही आधी कंटेनरमध्येच आले, चौकच्या पायथ्याला. पक्क्या घरांचं काम सिडकोकडे. कंटेनर हा आपल्या पुनर्वसनातला नवा शब्द आहे. माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची पेटी. माणसं त्यात ठेवल्यावर 'ती कुठेतरी पोचणार आहेत' असा आभास तयार होतो, म्हणून कदाचित सगळ्यांना तो सोयीचा वाटत असावा.

इर्शाळवाडीबद्दल सरकारनं विधिमंडळात एक गोष्ट सांगितली : ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. बातम्यांमध्ये हे वाक्य बचाव म्हणून वाचलं गेलं. मला ते कबुली वाटतं. कारण यादीत असती तर काय झालं असतं, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या डॅशबोर्डवर ठिपका लाल झाला असता. पावसाळ्यात नोटीस आली असती. नोटीस म्हणजे काय, तर 'सुरक्षित ठिकाणी जावे'. ठिकाण कुठलं, तिथे शेत आहे का, गुरं कुठे बांधायची, जंगलातला हक्क सोबत येतो का, यातलं काही नोटिशीत नसतं. ठाकरांना डोंगरावर कोणी हौसेनं ठेवलेलं नाही. खालची जमीन दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे, म्हणून ते वर आहेत. यादीत नाव टाकल्यानं खालची जमीन त्यांची होत नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांसाठी पुनर्वसनाचा कायदा आहे, १९७६ पासून त्याची एकामागून एक रूपं आली. देशपातळीवर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. हे कायदे लढून मिळालेत, त्यामागे १९२१ चा मुळशी सत्याग्रह आहे, सेनापती बापट आहेत, कोयनेपासूनच्या धरणग्रस्तांच्या चळवळी आहेत. पण त्या कायद्यांचा माणूस 'प्रकल्पग्रस्त' आहे. प्रकल्प करणारा कोणीतरी असतो, त्याच्याकडे हक्क मागता येतो. दरडीचा प्रकल्पाधिकारी कोण? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदत आहे, पूर्वतयारी आहे, पण धोका येण्याआधी गावानं 'आम्हाला हलवा' म्हणावं आणि सरकारनं ते देणं लागावं, असा हक्क मला कुठे सापडला नाही. पंधराव्या वित्त आयोगानं किनारा आणि नदीच्या धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी सुचवले, तीच काय ती नवी ओळ. त्यात धूप आहे. डोंगर नाही.

म्हणून इर्शाळवाडीच्या वारसांना मी 'झाडाझडती'च्या माणसांपेक्षा एका अर्थानं जास्त एकटं समजतो. जांभळीला निदान भांडायला समोर कोणीतरी होतं.

आता नागपूरबद्दल बोलायलाच हवं, कारण हा विषय आम्हाला नेहमी दुसऱ्यांचा वाटतो. इर्शाळवाडीनंतर दोनच महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली. डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी ले-आउट. चांगल्या वस्त्या, डॉक्टर-वकिलांची घरं. बेसाला आमच्या सोसायटीत फक्त लिफ्टचा खड्डा भरला. ग्रुपवर मात्र दिवसभर पहाटेचे व्हिडिओ फिरत होते. त्यानंतर नदीचं खोलीकरण, तलावाचा सांडवा, कोर्टातली याचिका, सगळ्यावर चर्चा झाली. एका माणसानंही म्हटलं नाही की डागा ले-आउट उठवून दुसरीकडे वसवा. म्हणायला नकोच होतं, हे मलाही कळतं. फक्त एवढंच लक्षात आलं की त्यांच्यासाठी आपण नदी हलवायचा विचार करतो. माझ्या ड्रॉपडाऊनमधला तिसरा पर्याय मी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून टाइप केला होता, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि आम्ही तर बसलोच आहोत हललेल्या गावांच्या जागी. मिहानसाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी ही गावं प्रकल्पग्रस्त झाली. रोज सकाळी वर्धा रोडवरून ऑफिसला जाताना मी त्यातल्या एकाच्या पाटीखालून जातो. ज्या मजल्यावर आम्ही दरडीचा डॅशबोर्ड केला तिथे एके काळी कुणाची तरी तूर होती. हॅकेथॉनच्या प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड नव्हती.

उलट्या बाजूनंही आम्ही जोडलेले आहोत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात. म्हणजे ज्या पाण्यानं आजीचं गाव घेतलं त्यात माझ्या शहराचं गटार आहे. आंभोऱ्याला आता देखणा पूल झालाय, रविवारी नागपूरकर सेल्फीला जातात. पाण्याचा वास फोटोत येत नाही. धरणाच्या खाली तर वेगळीच गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाणी सुटलं, गोसीखुर्दची ३३ दारं उघडावी लागली आणि ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेकाठची गावं पाण्यात गेली. धरणाच्या वर राहिलं तर प्रकल्पग्रस्त, खाली राहिलं तर पूरग्रस्त. वरच्यांसाठी २०१३ मध्ये साधारण १२०० कोटींचं पॅकेज तरी झालं. खालच्यांचा पंचनामा होतो, सानुग्रह अनुदान येतं, आणि पुढच्या पावसाला ते तिथेच असतात.

बाहेर कोणाला जमलंय का? फिजीतलं वुनिडोगोलोआ नावाचं गाव हल्ली सगळीकडे उदाहरण म्हणून येतं. समुद्र आत शिरू लागला तेव्हा गावानंच मागणी केली, आपल्याच मालकीच्या जमिनीवर दोनेक किलोमीटर आत जायचं ठरवलं, आणि २०१४ मध्ये गेले. पुढे फिजी सरकारनं नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. माझ्या मते ते जमलं याचं कारण 'आपल्याच मालकीच्या जमिनीवर' या तीन शब्दांत आहे. आणि एवढं होऊनही, अभ्यासकांनी नोंदवलंय, नव्या घरांमध्ये स्वयंपाकघर नव्हतं. आराखडा करणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पोटभर हसली.

'झाडाझडती'कडे परत येतो. तिची पानं लांबलेली आहेत, सूर वरचा आहे, काही ठिकाणी लेखक वाचकाचा दंड धरून 'बघ, बघ' म्हणतो. आजच्या वाचकाला, विशेषतः फोनवर वाचणाऱ्याला, हे जड जाईल. तरी वाचा. कारण तिच्यात वेळ आहे. दरडीची बातमी चार दिवस चालते; स्थलांतर वीस वर्षं चालतं. पोरं मोठी होतात, म्हातारे निर्णयाची वाट बघत मरतात, लग्नं अडतात कारण 'बुडीत गावात पोरगी कोण देणार', कोणी घराला रंग देत नाही, कोणी झाड लावत नाही. आजीच्या गावात शेवटची काही वर्षं कोणी विहिरीचा गाळ काढला नव्हता. पाणी यायच्या आधीच गाव हळूहळू सोडून दिलं गेलं होतं, माणसं त्यात राहत असताना. या अधांतरी काळाचं वर्णन कुठल्याही अहवालात येत नाही आणि मराठीत ते कादंबरीच्या लांबीतच मावतं. ज्यांना हवामानबदलामुळे गावं हलवायचे आराखडे करायचे आहेत त्यांनी तो काळ आधी वाचावा, मग डॅशबोर्ड करावा. मी उलट क्रमानं केलं.

या कादंबरीला मराठीत जोड मात्र हवी आहे. जिथे गावाला कोणी फसवत नाही, तारीख जाहीर झालेली नाही, डोंगर अजून उभा आहे, आणि शाळेच्या पडवीत सभा भरलीय : जायचं का? म्हाताऱ्यांना देव सोडवत नाही, पोरांना खाली नेटवर्क मिळणार म्हणून जायचंय, बायकांना पाणी किती लांब ते विचारायचंय आणि त्यांना कोणी बोलू देत नाही. ही सभा मी मराठीत कुठे वाचलेली नाही. सरकारी कागदात तिच्या जागी 'ग्रामसभेची सहमती घेण्यात आली' एवढं असतं. सह्याद्रीत अशा सभा या क्षणी भरत असणार. कोणीतरी त्यात वही घेऊन मागे बसायला हवं.

गेल्या दिवाळीला मी आजीकडे गेलो होतो. तिला इर्शाळवाडीबद्दल सांगितलं, डॅशबोर्डबद्दलही, जमेल तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यायले लेवल नाही सांगतली कोनं?"

मी म्हटलं, आजी, डोंगराला लेवल नसते.

"मंग त्यायचं बरं होतं म्हना की वाईट?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारी काठी टेकत गेली. जुन्या गावात तिचं आणि आजीचं अंगण एकच होतं. नव्या गावठाणात चिठ्ठीनं प्लॉट वाटले तेव्हा एकीला दुसरी ओळ आली आणि एकीला नववी. दोघींच्याही गुडघ्यांनी आता तेवढं चालवत नाही. रेशन वाटपाच्या दिवशी भेटतात. आजीनं हाक मारली, ती वळली नाही, कमी ऐकू येतं तिला. मी उठून तिला घेऊन आलो आणि चहा ठेवायला आत गेलो.